पेकनच्या झाडाखालची खुर्ची

हॅस्केटमध्ये आधी कॉलेज आलं आणि गाव नंतर. माळरानावर फुकट जमीन मिळाली म्हणून टेक्सास सरकारनं तिथं शेतकी कॉलेज बांधलं. मुलांना उतरता यावं म्हणून रेल्वेनं एक थांबा दिला, आणि त्या थांब्यावर जी माणसं काहीबाही विकायला बसली, त्यांचं पुढं गाव झालं. जुने लोक मात्र ही गोष्ट उलटी सांगतात. त्यांच्या मते गाव होतंच, कॉलेज मागून येऊन बसलं आणि त्यानं सगळं बिघडवलं. नेमकं कधी बिघडलं, याबद्दल एकमत नाही. जो तो आपण आल्याच्या पुढचं वर्ष सांगतो.

लॉर्ना हॅव्हिलँड छत्तीस वर्षांपूर्वी मातीशास्त्र शिकवायला हॅस्केटला आली आणि निवृत्त होऊनही तिथंच राहिली. तिनं गावातल्या निम्म्या बागांची माती तपासून दिली होती. तिचा नवरा तिथल्याच मातीत होता. तरीही शेजारचा हॉलिस कुबेना कुणाला तिची ओळख करून द्यायचा ती अशी, "या आमच्या नवीन प्रोफेसरीणबाई."

दर एप्रिलमध्ये एका शनिवारी जुन्या रहिवाशांचं जेवण असे. पेकनच्या, म्हणजे अक्रोडाच्या जातीतल्या, मोठ्या झाडाखाली लांबलचक टेबल मांडत, ते जुन्यांचं. पलीकडे उन्हात तंबू ठोकत, तो बाकीच्यांचा. जेवण दोन्हीकडे तेच, धुरावर रात्रभर शिजवलेलं मांस, घेवडा, लोणचं आणि बर्फाचा चहा. फरक सावलीचा होता, आणि सावलीहून मोठा फरक म्हणजे तंबूतल्या माणसाला झाडाखालचं कुणी भांडायच्या लायकीचं समजत नसे. लॉर्नाला तिथं बसून एकदा मनसोक्त भांडायचं होतं.

पूर्वी झाडाखाली बसायला हॅस्केटमध्ये जन्म व्हावा लागे. मग खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या, तेव्हा पन्नास वर्षांचं वास्तव्य पुरायला लागलं. आणखी काही अंत्ययात्रा झाल्यावर अट पस्तिसावर आली. मात्र एक परीक्षा कायम राहिली. अध्यक्षबाई एक ठिकाण सांगत आणि उमेदवारानं तिथवरचा रस्ता सांगायचा. अट एवढीच, की आज उभी असलेली एकही खूण वापरायची नाही. हॅस्केटचे लोक एरवीही रस्ता असाच सांगत. "बेकरी होती तिथं वळा," असं ऐकून नवा माणूस बेकरी शोधत बसे.

लॉर्नानं मार्चभर अभ्यास केला. कॉलेजच्या ग्रंथालयात बसून विमानातून काढलेले जुने फोटो भिंगाखाली पाहिले आणि पडलेल्या इमारती एकेक करून पाठ केल्या.

"अगं, परीक्षा आहे की पीएचडी?" हॉलिस कुंपणावरून म्हणाला. त्याचं गुरांच्या पेंडीचं दुकान होतं. तिथं आता योगासनं शिकवतात, आणि हॉलिसच्या मते तिथं येणाऱ्यांची अंगं अजून पेंडीसारखीच पोत्यात भरलेली दिसतात.

"तू माझं नाव सुचवलंयस. तुझी लाज राखायला नको?"

"माझी लाज दुकानाबरोबरच गेली, बाई."

शनिवारी जेवणाआधी परीक्षा झाली. अध्यक्षा विलोडीन क्रेनेक खुर्चीत ताठ बसली होती. वय नव्वदीकडे झुकलेलं, डोक्यावर रविवारची टोपी, मांडीवर पर्स. गावातले सगळे, अगदी महापौरसुद्धा, तिला विलोडीनबाई म्हणत. शेजारची एक खुर्ची रिकामी होती आणि लॉर्नाची नजर सारखी तिच्याकडे जात होती.

"पोस्टापासून स्मशानभूमीपर्यंत सांग," विलोडीनबाई म्हणाली.

लॉर्नानं घसा साफ केला. "रेल्वेचा थांबा होता तिकडे पाठ करून निघायचं. लाकडी दंतवैद्याच्या..."

"लाकडी दंतवैद्य?" टेबलावरून कुणीतरी हसलं.

"दंतवैद्याच्या लाकडी दवाखान्याशी उजवीकडे. बर्फाचा कारखाना ओलांडायचा, कापसाच्या जिनिंग गिरणीच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायचं, आणि पुढं मुलींची शाळा जळाली त्या जागेवरून सरळ."

एकही चूक नव्हती. टेबलावर थोडी कुजबुज झाली. हॉलिसनं आपणच पास झाल्यासारखी मान डोलावली.

"बरोबर आहे," विलोडीनबाई म्हणाली. "आता सांग, जिनिंगच्या कोपऱ्यावर वळताना नाक का दाबायचं?"

फोटोत हे नव्हतं. लॉर्नानं तर्क केला. "कापसाची धूळ उडत असणार. आणि सरकीच्या तेलाचा वास."

"पोपोविचची डुकरं होती तिथं," विलोडीनबाई म्हणाली. "फोटोत डुकराला वास येत नाही, पोरी. तू रस्ता पाठ केलास. चाललेली नाहीस."

"विलोडीनबाई, जिनिंग पडली तेव्हा मी इथं नव्हतेच. मी कशी चालणार?"

"तेच तर म्हणतेय मी. पुढच्या वर्षी ये. जेवून जा, घेवडा चांगला झालाय."

हॉलिस काहीतरी पुटपुटला, पण विलोडीनबाईपुढं त्याची जीभ नेहमीच थोडी जड होई. लॉर्ना उठली. पासष्टी ओलांडलेल्या बाईला नापास झाल्यावर रडू येणं शोभत नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून ती ताट न घेताच रस्त्याकडच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली आणि समोरच्या नव्या सहामजली वसतिगृहाकडे उगाच रागानं पाहत राहिली.

तेवढ्यात एक छोटी गाडी कुंपणाला लागून थांबली. आत एक मुलगी होती, शेजारच्या सीटवर केकचं खोकं पट्ट्यानं बांधलेलं.

"मॅडम, सीडर लेनला कसं जायचं हो? फोनवरचा नकाशा मला त्याच खड्ड्याकडे नेतोय, तीनदा झालं. केक वितळतोय."

"रस्ता मधोमध तोडलाय," लॉर्ना म्हणाली. तिचं लक्ष अजून त्या डुकरांकडेच होतं. "मागं वळ. ज्वारीचे प्रयोगाचे वाफे होते ना, तिथून डावीकडे. मग व्हिडिओ कॅसेटच्या दुकानाशी उजवीकडे. तिथं सांभाळून, संध्याकाळी पोरं सायकली आडव्या टाकून आत जातात. मग बदकांचं तळं लागेल. काच वर घे, त्यातला एक हंस चावरा आहे. तळ्याच्या पलीकडे सीडर लेन."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की यातलं काहीच आता तिथं नाही. वाफ्यांवर गाड्या उभ्या राहत होत्या. तळं बुजवून त्यावर बँक बसली होती. मुलीला नीट सांगावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण मुलगी भुवया आवळून विचार करत होती.

"तळं माहीत नाही मला. पण म्हणजे नूडल्सवाला होता ना, त्याच्या मागं?"

"कोण नूडल्सवाला?"

"अहो, परवाच बंद झाला तो! आम्ही सगळे रडलो. तुम्हाला माहीत नाही? नवीन आहात का इथं?"

मागून हॉलिसचं हसू फुटलं. तो ताट घेऊन लॉर्नाच्या मागोमाग आला होता, आणि काय चाललंय ते पाहायला विलोडीनबाईही काठी टेकत आली होती.

"कुठलं बदकांचं तळं?" विलोडीनबाईनं विचारलं. आवाजात कुरकुर होती. "हॅस्केटमध्ये तळं नव्हतं."

"होतं की, विलोडीनबाई," लॉर्ना म्हणाली. "आत्ता बँक आहे तिथं. त्या हंसानं माझ्या मुलाची चड्डी फाडली होती. दोन वर्षं होतं, मग बुजवलं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"कोण सांगणार?" हॉलिस म्हणाला. "तुम्ही तेव्हा लेकाकडे डॅलसला होतात. चार वर्षं."

"तीन!"

"तीन तर तीन. ती वर्षं वास्तव्यात धरायची का, असा प्रश्न आमच्या टेबलावर कुणी विचारला नाही अजून. मी तर नाहीच विचारणार."

विलोडीनबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं घाईघाईनं तोंडात मांसाचा तुकडा कोंबला. मग ती लॉर्नाकडे वळली. आपल्याच गावातली एक जागा आपल्या नकळत आली आणि गेली, हे तिला पचत नव्हतं.

"हंस पांढरा होता का?" तिनं शेवटी विचारलं.

"मळकट. चोचीवर गाठ होती."

"चल. उन्हात उभं राहून काय सांगतेस? बसून सांग. आणि ते वाफे कुठं होते तेही."

झाडाखाली पोचल्यावर विलोडीनबाईनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरचं पान झटकलं. लॉर्ना बसली. तिला वाटलं होतं तेवढी ती खुर्ची काही मऊ नव्हती.

हॉलिसला मात्र चेव चढला होता. त्यानं त्या मुलीला गाडीतून उतरवून केकसकट आत आणलं. तिचं नाव मारिसेला ओन्टिव्हेरोस. भूगर्भशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती.

"हिलाही बसवा!" तो म्हणाला. "हिच्या रस्त्यातलीसुद्धा एकही खूण उभी नाही. या वेगानं गाव वाढतंय, तर पोरांना तीन वर्षांत आपल्याएवढं गमवायला मिळतंय. पस्तीस कशाला मोजायची?"

सगळ्यांनी विलोडीनबाईकडे पाहिलं आणि विलोडीनबाईनं लॉर्नाकडे. "तू नवी आलीयस टेबलावर. बोल."

मारिसेला आशेनं हसली. लॉर्नानं तिला नीट निरखलं. हुशार मुलगी होती, नम्र होती, आणि नूडल्सवाल्याबद्दल तिला खरंच वाईट वाटत होतं. पण झाडाखाली आणखी एक खुर्ची ठेवायची म्हणजे कुणाला तरी उन्हात सरकावं लागलं असतं.

"मुलगी गुणी आहे," लॉर्ना म्हणाली. "पण तीन वर्षं म्हणजे काय हॉलिस? आमच्या वेळी तीन वर्षांत माणसाला शेजारी नावानं हाक मारत नसत. ताट भरून दे तिला आणि तंबूत बसव. तिथं पंखा आहे."

"आहे?" विलोडीनबाईनं विचारलं.

"यंदा लावलाय. कशाला लावला कोण जाणे, आम्हाला कधी नव्हता," लॉर्ना म्हणाली, आणि लोणच्याची बरणी स्वतःकडे ओढून तिनं त्या सहामजली वसतिगृहाबद्दल बोलायला सुरुवात केली.