अठरा ओळी मागे

प्रबंध विद्यापीठात दाखल केल्यावर शालिकराम निखाडे इटालियन शिकायला बसले आणि तिथून त्यांच्या जिवाची शांतता गेली.

खरं तर हे काम उलट क्रमाने व्हायला हवं होतं. साडेसहाशे वर्षांमागच्या इटालियन कवीवर पीएच.डी. करायची आणि इटालियनचं ओ की ठो कळत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकणारा हसेल. पण १९७२ सालच्या नागपुरात ते कुणाला खटकलं नव्हतं. इंग्रजी विभागातले सगळे तो कवी इंग्रजी भाषांतरातूनच शिकले होते आणि तसाच पुढच्यांना शिकवत होते. शालिकराम स्वतः एका कॉलेजात इंग्रजीचे अधिव्याख्याते होते. वय चाळिशीला टेकलेलं, स्वभाव इतका भिडस्त की वर्गात हजेरी घेतानासुद्धा त्यांचा आवाज पुढच्या दोन बाकांपलीकडे जात नसे.

त्या कवीने आपल्या लांबलचक काव्यात स्वतःलाच आधी नरकातून चालवलं होतं, मग पापं धुऊन काढणाऱ्या एका डोंगरावर चढवलं होतं आणि शेवटी स्वर्गात नेलं होतं. शालिकरामांचा विषय होता या वाटसरूची लाज. डोंगराच्या माथ्यावर त्याला त्याची तरुणपणीच वारलेली प्रेयसी भेटते आणि भेटल्याबरोबर चारचौघांत त्याची हजेरी घेते. तो मान खाली घालतो. खाली झऱ्याचं पाणी असतं, त्यात स्वतःचं तोंड दिसतं. तेही बघवत नाही, म्हणून तो गवताकडे बघत राहतो. ही जागा पहिल्यांदा वाचली तेव्हा शालिकरामांना वाटलं होतं की हा माणूस इटलीतला कसला, हा तर आपल्या गावचा, पारशिवनीचा.

त्यांचे मार्गदर्शक डॉ. वझलवार यांनी प्रबंध पूर्ण होत आला तेव्हा एक सूचना केली होती. "नुसत्या भाषांतरावर वजन पडत नाही, निखाडे. प्रत्येक अवतरणाला तळटीप द्या आणि तिच्यात मूळ ओळी टाका."

"पण सर, मला इटालियन येत नाही."

"तुम्हाला वाचायला कोण सांगून राहिलं? उतरवायच्या आहेत फक्त."

मूळ काव्य ग्रंथालयात होतंच. शालिकराम ज्या इंग्रजी पद्य भाषांतरावर काम करत होते त्याच्या समासात ओळींचे आकडे छापलेले होते. त्या आकड्यांवरून त्यांनी मूळ पुस्तकात तीच ओळ शोधली आणि लिहून घेतली. टंकलेखकाच्या यंत्राला त्या भाषेतली डोक्यावर तिरप्या रेघा दिलेली अक्षरं नव्हती. त्याने तळटिपांची जागा कोरी सोडली आणि शालिकरामांनी ती प्रत्येक प्रतीत काळ्या शाईने, मान मोडून, अक्षर अन् अक्षर बघून भरली. अर्थ कळत नसल्यामुळे मन कुठे गुंतत नव्हतं, म्हणून अक्षर फार सुरेख आलं.

तोंडी परीक्षेत कुणी या ओळींबद्दल विचारलंच तर अगदी तोंडात मारल्यासारखं उभं राहायला नको, एवढ्याच धास्तीने त्यांनी सीताबर्डीवरून एक जुनं स्वयंशिक्षक आणलं. वाडीच्या त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्यांसमोरून अमरावती रोडचे ट्रक जात. त्या घरघरीत ते मोठ्याने क्रियापदं चालवत. शेजारणी त्यांच्या बायकोला, प्रेमलताबाईंना विचारत, "बाई, सर काही जपबिप करून राहिले का?"

"हो," प्रेमलताबाई म्हणत, "इटलीवाल्या बुवांचा."

आणि मग पौषातल्या एका रविवारी दुपारी शालिकरामांनी कौतुकाने आपलीच तळटीप वाचायला घेतली. लाजेचा तो उतारा. वर इंग्रजीत वाटसरू मान खाली घालत होता. खाली त्यांच्या सुरेख अक्षरात एक आरमाराचा सरदार जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडून खलाशी नीट काम करतात की नाही ते बघत होता.

त्यांनी पुन्हा वाचलं. सरदार हिंडतच होता.

तिसऱ्यांदा वाचल्यावर घोळ लक्षात आला. भाषांतरकाराने काव्य आखडून घेतलं होतं आणि समासातले आकडे त्याच्या स्वतःच्या ओळींचे होते, मुळातले नव्हते. सर्गाच्या सुरुवातीला फरक एकदोन ओळींचा असे, पुढे तो वाढत जाई. त्या उताऱ्यापाशी तळटीप अठरा ओळी मागे पडली होती. त्यांनी दुसरी तळटीप काढली, तिसरी काढली. एकही जागेवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते सायकल दामटत वझलवारांकडे गेले. वझलवारांनी ऐकून घेतलं आणि टेबलाच्या खणातून परीक्षकांचा अहवाल काढून त्यांच्यापुढे ठेवला. जबलपूरचे प्राध्यापक मनोहरराव घाटे, मध्य भारतात या कवीचे सर्वांत मोठे जाणकार म्हणून ज्यांचं नाव घेतलं जाई, त्यांनी प्रबंध उचलून धरला होता. 'मूळ इटालियन ओळींचा नेमका वापर हे या प्रबंधाचं खास वैशिष्ट्य होय,' असं त्यांनी मुद्दाम लिहिलं होतं.

"आता तोंडी परीक्षा म्हणजे नुसता उपचार राहिला," वझलवार म्हणाले. "तुम्ही काहून जिवाला लावून घेता? पदवी मिळाल्यावर घरच्या प्रतीत सुधारून टाका."

"आणि घाटे सरांनी विचारलं तर?"

"ज्याने एवढी तारीफ लिहिली तो काय विचारणार? तुमच्या विभागप्रमुखाच्या जागेची मुलाखत याच महिन्यात आहे ना? डॉक्टरेट नसली तर अर्ज बाजूला पडेल. गप्प बसा जरा."

गप्प बसणं हे शालिकरामांना जन्मभर उत्तम जमलेलं काम. तेच आता जमेना. ते जेवता जेवता उठत, दारापर्यंत जात, ट्रक बघून परत येत. तोंडी परीक्षा ऐकायला म्हणून त्यांचे वडील नत्थूजी पारशिवनीहून आले होते. त्यांनी दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "काहून रे, पोट दुखते का तुह्यं?"

शालिकरामांनी जमेल तसं समजावून सांगितलं. नत्थूजींनी विडी विझवली.

"तो कवी मरून किती वर्सं झाले म्हणतोस?"

"साडेसहाशे, बाबा."

"मंग तो काय तक्रार कराले येऊन राहिला का?"

"मामाजी, तेच मी दहादा सांगितलं," आतून प्रेमलताबाई म्हणाल्या.

घाटे परीक्षेच्या आदल्या दिवशी आले. बाहेरच्या परीक्षकाला स्टेशनवरून आणायचं, त्याचं चहापाणी बघायचं, हे उमेदवाराने करायचं अशी रीत होती. शालिकरामांनी त्यांना विश्रामगृहावर पोचवलं. घाटे गोल चेहऱ्याचे, मफलर गुंडाळलेले, मोकळे गृहस्थ होते. जबलपूरच्या मराठी माणसासारखी त्यांची मराठी हिंदीच्या अंगाने जाई. संत्र्याच्या फोडी सोलता सोलता ते म्हणाले, "निखाडेजी, काही वाचून दाखवा ना. मूळ. त्या भाषेचा नाद ऐकून जमाना झाला."

त्यांनी मुद्दाम तेच पान काढलं. मनात आलं, खोलीत दोघंच आहोत. सापडायचंच असेल तर इथेच सापडावं. त्यांनी हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, जहाजावरचा सरदार वाचला.

घाटे डोळे मिटून ऐकत होते. वाचून झाल्यावरही त्यांनी थोडा वेळ डोळे उघडले नाहीत.

"वा," ते म्हणाले. "शरम कशी थरथरते पाहा. शब्दाशब्दात मान खाली जाते."

शालिकराम सायकलवरून घरी निघाले ते रविनगरपाशी उतरून चालतच राहिले. आता भीतीचं कारण उरलं नव्हतं. उद्या कुणी पकडणार नव्हतं, कारण पकडू शकेल असा माणूसच नव्हता. एवढ्याने हायसं वाटायला हवं होतं. पण आता खरं बोलायचं म्हटलं तर ते एकट्याच्या अंगावर येणार नव्हतं. त्या मफलरवाल्या भल्या माणसाने तीस वर्षांत मिळवलेलं नाव भर सभेत उघडं पडणार होतं. आपण बोललो तर ते धैर्य की आगाऊपणा, आणि गप्प बसलो तर ती माणुसकी की नोकरीची हाव, हे वाडी येईपर्यंत त्यांना ठरवता आलं नाही. घरी येऊन त्यांनी झऱ्याच्या खऱ्या ओळी तेवढ्या पाठ केल्या. कशासाठी, ते स्वतःलाही सांगितलं नाही.

परीक्षा खुली होती. विभागाच्या मोठ्या खोलीत विद्यार्थी, दोनचार प्राध्यापक, मागच्या बाकावर प्रेमलताबाई आणि स्वच्छ धोतर नेसलेले नत्थूजी. शेजारच्या खोलीत रीतीप्रमाणे आलूबोंडे, चिवडा आणि संत्रा बर्फीचे डबे तयार होते. प्रश्न सोपे होते, उत्तरं ठरलेली होती. शेवटी घाटे सभेकडे वळून म्हणाले, "आपल्यात मूळ इटालियन वाचणारा माणूस आहे, हा योग रोज येत नाही. निखाडे, तो लाजेचा उतारा सर्वांना ऐकवा."

शालिकराम उठले. प्रबंध उघडला. सरदार तिथेच होता, काळ्या शाईत. वाचला असता तर पाच मिनिटांत बर्फीचे डबे उघडले असते. वझलवार डोळ्यांनी सांगत होते, वाचा.

त्यांनी प्रबंध मिटला आणि झऱ्याच्या ओळी तोंडपाठ म्हटल्या. आवाज नेहमीसारखाच, पुढच्या दोन बाकांपुरता. मग त्यांनी त्याचा अर्थ सांगितला आणि तसेच उभे राहिले.

"सुंदर," घाटे म्हणाले.

"सर, आत्ता म्हटलेल्या ओळी माझ्या प्रबंधात नाहीत."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली.

"प्रबंधात आहेत त्या दुसऱ्याच. प्रबंध लिहिला तेव्हा मला इटालियन येत नव्हतं. भाषांतराचे आकडे पाहून मी नुसत्या उतरवल्या. सगळ्याच तळटिपा चुकल्या आहेत. नंतर शिकलो तेव्हा कळलं." कालच्या दुपारबद्दल ते काही बोलले नाहीत.

घाट्यांचे कान लाल झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. एवढा वेळ त्यांना पुरला.

"माझ्या ध्यानात आलं होतं," ते म्हणाले. "मी बघत होतो, उमेदवार स्वतः सांगतो की नाही. संशोधकाला ज्ञानापेक्षा सचोटी जास्त लागते. या परीक्षेत निखाडे उत्तीर्ण झाले, असं मी मानतो."

आधी वझलवारांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. शालिकराम घाट्यांकडे बघत राहिले. घाटे कागदांकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं बाकी होतं आणि ते एकट्या शालिकरामांनाच ठाऊक होतं.

"आभारी आहे, सर," ते म्हणाले आणि खाली बसले.

निर्णय मात्र टाळ्यांवर होत नाही. तळटिपा दुरुस्त करून सहा महिन्यांत प्रबंध पुन्हा सादर करावा, तोवर पदवीची शिफारस थांबवावी, असं ठरलं. शेजारच्या खोलीत बशा भरलेल्या होत्या, पण अभिनंदन करावं की सांत्वन, ते कुणाला कळेना, म्हणून बराच वेळ कुणी बशीला हात लावला नाही. शेवटी नत्थूजींनीच आलूबोंडा उचलला.

"सूनबाई, पास झाला का नापास?"

"मधातच राहिलं, मामाजी."

"मंग टाळ्या काहून वाजवल्या?"

प्रेमलताबाई नवऱ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सांगायचंच होतं तर मुलाखत झाल्यावर सांगितलं असतं."

"मग सांगितलं नसतं," शालिकराम म्हणाले.

प्रेमलताबाईंनी बर्फीचा डबा जवळ ओढला. "जागा गेली म्हणजे."

"गेली."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि उरलेली बर्फी डब्यात भरू लागल्या.

परीक्षकाला गाडीत बसवून देणं हेही उमेदवाराचंच काम. संध्याकाळी इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत घाट्यांना खिडकीची जागा मिळाली. शालिकराम खाली फलाटावर उभे राहिले. डब्यात अजून कुणी आलं नव्हतं.

"काल ते पान तुम्ही मुद्दाम काढलंत," घाटे म्हणाले.

"हो, सर."

"मला पकडायला?"

"नाही. मी सापडावं म्हणून."

घाट्यांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. "तीस साल पढवतो आहे. कधी कोणी विचारलंच नाही. पहिल्या वर्षी विचारलं असतं तर सांगून टाकलं असतं." ते थांबले. "सभेत मी जे म्हटलं, ते तुम्ही कोणाला…"

"नाही, सर."

"का नाही?"

शालिकरामांना दुपारपासून तोच प्रश्न पडला होता. आपण या माणसाची अब्रू राखली, की पुन्हा एकदा नुसते घाबरलो? त्यांच्या बाबतीत या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसत आल्या होत्या.

"कठीण आहे का हो ती भाषा?" घाट्यांनी विचारलं. "मार्चमध्ये मला बासष्ट पूर्ण होतील."

"कठीण आहे, सर," शालिकराम म्हणाले. "आणि यायला लागली की आपलं आधीचं लिहिलेलं वाचवत नाही."

घाट्यांनी मान हलवली. गाडी सुटायला अजून बराच वेळ होता.