हाल्स्टेनची सुटका

आमच्या स्वार्ताबाक्कीच्या शेतावर हजार वर्षांपूर्वी ओत्तारने आपल्या सख्ख्या भावाला कुऱ्हाडीने मारलं. जुन्या गाथेत तसं लिहिलंय, म्हणून उन्हाळ्यात लोक ती जागा बघायला येतात. ती दाखवायचं काम माझा दीर हाल्स्टेन करायचा.

माझा नवरा थॉर्गिल्सही त्याच जागी, आमच्या अंगणात, ट्रॅक्टरखाली सापडून गेला. हाल्स्टेन ट्रॅक्टर मागे घेत होता आणि थॉर्गिल्स वाकून फाटकाची कडी बसवत होता. हाल्स्टेनला तो दिसलाच नाही.

माती उरकल्यावर हाल्स्टेन दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, तू म्हणत असशील तर मी जातो इथून."

मेंढ्या व्यायला आल्या होत्या. मी म्हटलं, "कोकरं होऊ देत." पुढे मी काही बोलले नाही, त्यानेही विचारलं नाही. सव्वीस वर्षं तो गोठ्यालगतच्या खोलीत राहिला. मेंढ्या, गवत, बर्फ, सगळं त्याने ओढलं. जेवायला माझ्याकडे यायचा, पण हवा आणि मेंढ्या सोडून विषय नसायचा. शेजारी चेष्टा करत, की आता लग्न तरी करा, एक खोली मोकळी होईल. आम्ही दोघं खाली बघायचो.

गेल्या ऑगस्टमध्ये एका बाईने त्याला विचारलं, की ओत्तारचं पुढे काय झालं. मी दोरीवरचे कपडे काढत होते.

"पंच त्याला तीन वर्षं देशाबाहेर राहा म्हणाले," हाल्स्टेन म्हणाला. "भोगली आणि सुटला. किती भोगायचं, ते त्याला निदान कुणी सांगितलं तरी."

संध्याकाळी मटणाचा रस्सा वाढताना मी म्हटलं, "हाल्स्टेन, माझा तुझ्यावर राग नाही. पहिल्या वर्षीच गेला होता. सांगायचं राहून गेलं."

तो चमचा धरून बसला. "मग मी जाऊ?"

नको जाऊस, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण सव्वीस वर्षं अडवलेल्या माणसाला आणखी कोणत्या तोंडाने अडवणार?

"जा," मी म्हटलं.

मेंढ्या डोंगरावरून उतरेपर्यंत थांबून तो बंदराच्या गावी गेला, मासळीच्या कारखान्यात लागला. दोनदा फोन आला. आवाज हलका वाटला. फेब्रुवारीत झोपेतच गेला. रस्ता बर्फाने बंद, मला मातीलाही जाता आलं नाही. घरमालकिणीने नंतर सांगितलं, मे महिन्यात घरी कोकरं व्हायची आहेत म्हणून त्याने आधीच रजा मागून ठेवली होती.

यंदा साठ मेंढ्या व्यायल्या. शेजारचे दोघे आले मदतीला. निभावलं.