उंबराला आवतण

शनिवारी सकाळी आठ वाजता कोंडाजी कोयता घेऊन खरवईच्या नाल्याकाठी पोहोचला, तर उंबर जागेवर नव्हता.

झाडाच्या जागी सिमेंटची भिंत होती आणि भिंतीवर पोहण्याच्या तलावाचं चित्र. कोंडाजी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालला. वर्षभर इकडे येणं झालं नव्हतं, पण जन्मापासून पाहिलेलं झाड, चुकेल कसं? बुंधासुद्धा ठेवला नव्हता मेल्यांनी.

संध्याकाळी तेजस्वीची, त्याच्या भाचीची हळद होती. हळदीच्या आधी मांडवाची मेढ रोवायची, मेढीला उंबराची फांदी बांधायची, आणि ती फांदी आणायचा मान मामाचा. घराण्यातल्या प्रत्येक लग्नाला याच झाडाची फांदी गेली होती. पण फांदी अशीच तोडायची नसते. आदल्या दिवशी झाडापाशी जायचं, मुळाशी हळद-तांदूळ आणि सुपारी ठेवायची, आणि म्हणायचं, "उद्या आमच्या घरी मांडव हाय, यायचं." न बोलावता नेलेली फांदी म्हणजे हाताला धरून ओढत आणलेला पाहुणा.

काल कोंडाजीचा गुडघा ठणकत होता. वेणूबाईच्या, म्हणजे बहिणीच्या परसात उभं राहून त्याने नाल्याकडे तोंड केलं, तिथूनच मूठभर तांदूळ टाकले आणि आत येऊन सांगितलं, "आलो गं आवतण देऊन." ते तांदूळ झाडापर्यंत कसले पोहोचतात? कोंबड्यांनी टिपले. काल दोन पावलं चालला असता तर कालच कळलं असतं.

आता वेणूला काय सांगायचं?

काहीच सांगायचं नाही, असं ठरवून तो बबनच्या रिक्षात बसला. बबन गावातलाच, पन्नाशीचा, तोंडाचा फटकळ. आज दिवसभर लग्नाच्या कामांना त्याचीच रिक्षा होती. उल्हासनगरहून ब्लाऊज आणायचे होते, अंबरनाथहून हार.

"मामा, फांदी कुठाय?" बबनने विचारलं.

"वाटेत घेऊ."

"वाटेत? उंबर काय वडापाव हाय, गाडीवर मिळायला?"

"तू हाण गाडी."

बबनने हाणली. मे महिन्याचं ऊन सकाळी नऊलाच रिक्षाच्या टपातून डोक्यात उतरत होतं. अंबरनाथ पूर्वेला हारवाल्याने अर्धा तास थांबवलं. कोंडाजीला बसवेना. तो रस्त्यावरची झाडं बघत या गल्लीतून त्या गल्लीत फिरला. सगळी शोभेची झाडं, नावं कुणाला ठाऊक. जुन्या देवळाच्या बाजूला एक उंबर होता, पण तिथला राखणदार काठी घेऊनच उठला. हार घेऊन पुढे निघाल्यावर कारखान्याच्या कुंपणाआड एक मोठा उंबर दिसला, खाली पिकलेल्या फळांचा सडा. कोंडाजीने जाळीला हात लावला तसा आतून पहारेकरी ओरडला, "ओ बाबा, कोयता घेऊन कुठं?"

"एक फांदी पायजे. भाचीचं लगीन हाय."

"आत यायला परवानगी लागते. ऑफिस सोमवारी उघडेल."

"लगीन उद्या हाय."

"मग लग्न पुढं ढकला," पहारेकरी म्हणाला आणि स्वतःच हसला.

बबनही हसला. कोंडाजीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने रिक्षा चालू केली.

तेवढ्यात वेणूबाईचा फोन. "दादा, फांदी घेतलीस नं? उन्हात सुकल, ओल्या फडक्यात ठेव."

"ठेवतो," कोंडाजी म्हणाला. काय ठेवतो, ते त्यालाच ठाऊक.

उल्हासनगरच्या कापडबाजारात शनिवारची ही गर्दी. हातगाड्या, स्कूटर, लग्नाची खरेदी करणारी कुटुंबंच्या कुटुंबं. ब्लाऊजांना हुक लावायचे राहिले होते. सिंधी दुकानदार म्हणाला, "बैठो चाचा, ठंडा पियो, दस मिनट." ती दहा मिनिटं दीड तास चालली. कोंडाजी ठंडा न पिताच चारदा दुकानाबाहेर जाऊन आला. शेवटी दुकानदाराने विचारलं, "चाचा, किसी को ढूँढ रहे हो?"

कोंडाजीने सांगितलं. दुकानदाराने नोकर पाठवून मागच्या गल्लीतली फांदी आणवली. पानं बघताच कोंडाजीचा चेहरा उतरला. पिंपळ.

"पेड़ तो पेड़ है, चाचा. कौन देखता है?"

कोंडाजीने फांदी गल्ल्यावर ठेवली. बबन मात्र हळूच म्हणाला, "मामा, खरंच, कोण बघतंय?"

"वेणू बघल. नाय तर मी तरी बघनच नं?"

पिंपळ दुकानातच ठेवून ते निघाले. परतीच्या वाटेवर उंबर शोधण्यात सगळी दुपार गेली. फोन पुन्हा वाजला. मेढ रोवायला माणसं आलीत, लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण येऊन बसलीय, तू हायस कुठं? कोंडाजीने "आलोच" म्हणून फोन बंद केला आणि खिशात खोल कोंबला.

खरवईत शिरताना साडेपाच झाले होते. इंजिन तापलं म्हणून बबनने एका इमारतीच्या फाटकापाशी गाडी थांबवली आणि पाणी मागायला आत गेला. ही इमारत कोंडाजीच्याच जुन्या शेतावर उभी होती. एरवी तो इथून जाताना मान वर करत नसे. आज पाय ताणायला उतरला, गुडघा धरून उभा राहिला आणि नजर आपोआप वर गेली.

तिसऱ्या मजल्यावर, पाइपाच्या जोडापाशी, भिंतीच्या फटीतून हातभर उंबर बाहेर आला होता.

जिने चढताना गुडघा आठवला नाही. दार उघडलं ते तिथे राहणाऱ्या कुमुदिनीताईंनी. चष्मा कपाळावर, हातात वर्तमानपत्र. कोयता बघून त्या दोन पावलं मागे सरल्या. कोंडाजीने कोयता दारातच खाली ठेवला आणि हात जोडले.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, घेऊन जा की! भिंत फोडतंय म्हणून सोसायटी मागे लागलीय. सोमवारी माणूस येणारच आहे तोडायला."

"ताई, आधी थोडी हळद, तांदूळ न् सुपारी द्याल?"

त्यांनी वाटीत आणून दिलं. कपडे सुकवायच्या बाल्कनीची जाळी उघडून कोंडाजीने हात लांब केला, फटीपाशी दाणे टेकवले. मग मोठ्याने बोलला, कारण झाडाशी पुटपुटायचं नसतं. "काल यायला पायजे होतं. नाय आलो. खोटं बोललो. तरी आज आमच्या पोरीच्या मांडवात ये."

कुमुदिनीताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "तो हो म्हणाला, हे कसं कळतं?"

"आजवर 'नाय' कधी म्हटला नाय," कोंडाजी म्हणाला. दोन डहाळ्यांपैकी एकच त्याने कापली. "दुसरी राहू द्या, जमलं तर."

"सोमवारी बोलते त्यांच्याशी," त्या म्हणाल्या.

मांडव रस्त्यावरच होता. खाली फरश्या, म्हणून मेढ तेलाच्या डब्यात माती भरून रोवायची होती. वेणूबाईने डहाळी बघितली.

"एवढीशी?"

"मोठा उंबर तोडला गं. भिंत हाय तिथं." कोंडाजीने मान खाली घातली. "मी काल गेलोच नव्हतो. तुझ्या परसातूनच तांदूळ टाकले."

"ठाऊक हाय," वेणूबाई म्हणाली. "तुझ्या चपला दिवसभर माझ्या ओट्यावर होत्या. अनवाणी नाल्यापर्यंत गेलास होय?"

"मग बोलली का नाय?"

"गुडघा सुजलेला दिसत होता. वाटलं, झाड कुठं पळून जातंय!" तिने पदराने डोळ्यांच्या कडा टिपल्या, मग लगेच आवाज चढवला. "उभा काय राहिलास? धर ती मेढ. सरळ धर, वाकडी झाली तर तुलाच बोलतील!"

कोंडाजीने दोन्ही हातांनी मेढ धरली. माणसं माती ठोकू लागली, धवलारणीने गाणं उचललं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तो एका जागी उभा राहिला.