तनुजा पडली ती माझ्यावर

मित्रांनो, मला माणसं तोंडावरून ओळखता येत नाहीत, वजनावरून येतात. मी शाळेतली जुनी सतरंजी. अंगावर निळे-तांबडे पट्टे होते, ते आता विटून मातकट झालेत. एका कोपऱ्याला ठिगळ आहे, त्याची हकिकत पुढं येईलच. पुढाऱ्यांच्या मागं फिरणाऱ्या गरीब कार्यकर्त्यांना लोक 'सतरंज्या उचलणारे' म्हणून हसतात. हसणाऱ्यांनी मला एकदा उचलून बघावं. दोन धडधाकट गडी लागतात.

देगलूरकडच्या चन्नबसप्पांनी मला हातमागावर विणलं. ते सूत ठोकून घट्ट बसवायचे आणि स्वतःशीच कानडीत पुटपुटायचे. मला कानडी येत नाही. पण जिच्यावर माणसं बसणार तिनं कच खाऊन चालत नाही, असंच ते सांगत असावेत. तिथून मी रेणापूरजवळच्या एका गावच्या शाळेत आले आणि इथलीच झाले. शाळेची बालसभा माझ्यावर भरायची, गावातल्या लग्नाच्या पंगतीही माझ्यावर उठायच्या. कुणी आलं की आधी चपला बाहेर काढायचं. तेवढा मान मला पुरायचा.

मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. मला गुंडाळून अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांमागं उभं केलं. उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला. माझं फार वाईट वाटून घ्यायचं वय नव्हतं, तरी वाईट वाटलंच.

मला तिथून बाहेर काढलं उज्वलाबाईंनी. त्या लातूरहून एसटीनं यायच्या आणि मुलींना नाच शिकवायच्या. त्यांनी शाळेचे शिपाई मल्लिनाथ यांच्याकडं जुनी सतरंजी मागितली, तेव्हा मल्लिनाथ मिश्या खाजवत म्हणाले, "बाई, ती तर सडून राहिली तिथं. अन् नाचाला घुंगरं लागतेत, सतरंजी कशापायी?"

"आमच्या नाचात पडायचं असतं," बाई म्हणाल्या.

मल्लिनाथांनी मला उन्हात टाकून काठीनं बडवलं. इतकी धूळ निघाली की मीच लाजले.

मित्रांनो, त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. मुली माझ्यावर मांडी घालून बसायच्या आणि बाई अमेरिकेतल्या बायकांच्या गोष्टी सांगायच्या. इसाडोरा डंकन नावाची एक होती. त्या काळी तिकडं नाचणारीनं टोकदार बूट घालून पायाच्या बोटांवर उभं राहायचं असा रिवाज होता. हिनं बूट टाकले, घट्ट कपडे टाकले आणि अनवाणी नाचली. म्हणे लोक थक्क झाले. हे ऐकून मला हसू आलं. माझ्यावर तर आजवर कुणी बूट घालून पाऊलच ठेवलं नव्हतं. रूथ सेंट डेनिस नावाची दुसरी. ती आणि तिचा नवरा टेड शॉन, दोघांची मंडळी शंभरेक वर्षांपूर्वी भारतात येऊन नाचून गेली. रेणापूरला काही आली नाही, आमचं नशीब.

रूथ आणि टेडच्या नाचाच्या शाळेत दोघी शिकल्या आणि पुढं दोघींनी आपापली वाट काढली. मार्था ग्रॅहमनं श्वासाची वाट धरली. श्वास सोडताना पोट आत ओढायचं, पाठ गोल करायची. श्वास घेताना अंग मोकळं सोडायचं. मुलींना जमेना, तेव्हा बाई म्हणाल्या, "वर्गात हसू दाबता ना, तेव्हा पोट कुठं जातं? रडू दाबतानाही तिथंच जातं. नाच तिथून निघतो." मुलींनी लगेच हसू दाबून बघितलं आणि साऱ्या माझ्यावर गडबडा लोळल्या. दुसरी डोरिस हम्फ्री. ती म्हणायची, ताठ उभं राहणं म्हणजे नाच नव्हे आणि सपाट पडून राहणंही नव्हे. तोल जाणं आणि तो पुन्हा सावरणं, या दोन्हींच्या मधे नाच असतो. पुढं तिचा खुबा दुखण्यानं निकामी झाला, तिचं नाचणं थांबलं. तरी ती दुसऱ्यांचे नाच बसवत राहिली.

हे ऐकताना माझ्यावरचं एक वजन हललं. ते तनुजाचं होतं.

तनुजा लहानपणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडली होती. खुबा मोडला, तो जुळला, पण डावा पाय किंचित आखूड राहिला. तिचं वजन उजवीकडं जास्त पडायचं, त्यामुळं डोळे मिटूनही मी तिला ओळखलं असतं. तिची आई सिंधु. पोर अडखळली रे अडखळली की सिंधुचा हात तिच्या काखेत गेलाच म्हणून समजा. आपल्या हातानं उठायची पाळीच तिनं लेकीवर कधी येऊ दिली नव्हती. माया होती, दुसरं काही नाही. पण अति मायेनंही माणूस पांगळं होतं.

बाईंनी तनुजाला पडायला शिकवलं. आधी गुडघा, मग मांडी, मग कूस, मग खांदा. धपकन नाही, पाणी उतरावं तसं. पहिल्या वेळी ती माझ्यावर आपटली तेव्हा मी जितकं मऊ होता येईल तितकी झाले. चन्नबसप्पांनी घट्ट विणलं होतं, त्याचा त्या दिवशी थोडा रागच आला. पडणं तिला लवकर जमलं. उठणं मात्र जमेना. ती उठताना दरवेळी सवयीनं हात वर करायची, कुणीतरी धरेल म्हणून. बाई हात द्यायच्या नाहीत. ती रडायची, नाक पुसायची, पुन्हा उठायची. शेवटी जमलं.

स्नेहसंमेलनात तिचा नाच ठरला, तेव्हा सिंधु शाळेत आली आणि बाईंना साफ नाही म्हणाली. साऱ्या गावापुढं पोरीला पाडणार? लोक हसतील, नाहीतर बिचारी म्हणतील; दोन्ही तिला नको होतं. तनुजा शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, "आई, मला एकदा पडू दे गं. मी उठते का न्हाई ते मला बघायचंय."

सिंधुनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "मी पुढंच बसून राहीन. जरा काही वाटलं तर वर येईन."

संमेलनाच्या दिवशी मंडपवाल्यानं मंचावर हिरवं गुळगुळीत प्लॅस्टिक अंथरलं होतं. बाईंनी त्यावर मला टाकायला लावलं. पाहुण्यांसमोर हे भोकाचं कशाला, अशी कुरकुर झाली, पण मल्लिनाथांनी ऐकलं नाही.

मित्रांनो, आता पुढं झालं ते आमच्या गावातच होऊ शकतं. तनुजाचे केस मोकळे सोडले होते. संगीत सुरू झालं. तिनं श्वास सोडला, पोट आत गेलं, पाठ गोल झाली, केस तोंडावर आले. पुन्हा श्वास, पुन्हा तेच. समोर बायकांच्यात कुजबुज उठली. कुणीतरी म्हणालं, "अगं बया, पोरीच्या अंगात आलं." आणि तनुजा पडली. गुडघा, मांडी, कूस, खांदा, शिकवल्याबरहुकूम.

झालं! निम्मा मंडप उभा राहिला. कुणी कांदा आणा म्हणून ओरडलं, मल्लिनाथ पाण्याचा तांब्या घेऊन धावले. रुक्मिणबाई म्हणजे गावातली सगळ्यात वयस्कर बाई. त्या समईजवळचं हळदीकुंकवाचं ताट उचलून थेट माझ्यावर आल्या. तनुजाच्या कपाळाला मळवट भरला आणि हात जोडून म्हणाल्या, "माय, काय मागणं हाय तुझं?"

तनुजाला हसू फुटायला आलं होतं. मला ते तिच्या पोटावरून कळत होतं. ते आत आत ओढलं जात होतं. एवढ्यात सिंधु पोचली. तिनं वाकून दोन्ही हात पुढं केले.

"आई, हात नको," तनुजा पडल्या पडल्या म्हणाली. "बस."

देवीच 'बस' म्हणाली म्हटल्यावर उभं कोण राहणार? रुक्मिणबाई सगळ्यात आधी बसल्या. मल्लिनाथ तांब्यासकट बसले. त्यांचं बघून खाली सारा मंडप बसला. उभी राहिली एकटी सिंधु. मग तीही बसली, लेकीपासून हातभर अंतरावर, माझ्या फाटक्या कोपऱ्याजवळ.

बाईंनी संगीत बंद केलं नव्हतं. तनुजानं श्वास घेतला. तळवे माझ्यावर टेकले, कूस उचलली, गुडघा घेतला. आखूड पाय थरथरला. सिंधुचा हात आपसूक पुढं गेला, तो तिनं अर्ध्यावरून मागं घेतला आणि माझा कोपरा मुठीत धरला. इतका घट्ट धरला की माझे धागे तुटले. तुटू देत, असं मला वाटलं. तनुजा पुन्हा थोडी खाली आली. सिंधुनं डोळे मिटले.

"ऊठ माय," ती पुटपुटली. "मी हाय इथंच."

आणि मित्रांनो, माझ्यावर पसरलेलं तनुजाचं सगळं वजन हळूहळू गोळा झालं आणि तिच्या दोन पावलांत येऊन उभं राहिलं. हात वर गेला नाही. तिनं कुणाकडं बघितलंही नाही. कपाळावर मळवट तसाच, आणि नाच पुढं सुरू झाला. मला रडता आलं असतं तर मी भिजून दुप्पट जड झाले असते.

नंतर हा नाच होता, देवी नव्हती, असं रुक्मिणबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हाव, असंल नाच. पर उठली कशी ते बघितलं ना तुम्ही?" ताट मात्र त्यांनी तनुजापुढं पुन्हा एकदा ओवाळलं.

दुसऱ्या दिवशी सिंधु जाड सुई घेऊन आली. तिनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा माझ्या भोकाला लावला, तुटलेले धागेही बसवले. टाके घालता घालता म्हणाली, मीच तोडले होते. आता मुली पडायला शिकतात तेव्हा ते हिरवं ठिगळ मुद्दाम खांद्याखाली येईल असं मला अंथरतात.

तर मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझी एखादी बहीण मोडक्या बाकांमागं उभी असेल. तिला बाहेर काढा, ऊन दाखवा, भोक पडलं तर दोन टाके घाला. आणि कुणी पडलं तर लगेच ओढून उभं करायची घाई करू नका. त्याच्याखाली काहीतरी अंथरा आणि शेजारी बसून राहा. मी आयुष्यभर एवढंच करत आले आहे. हात मला नाहीतच, म्हणून कदाचित ते मला जमलं असेल. सिंधुला मात्र दोन हात होते, आणि तरीही ती बसून राहिली.