शिंपीकाकांच्या सुळ्याखाली

मी एक जिवाणू बोलतोय. म्हणजे, एकच आहे असं छातीठोकपणे सांगवत नाही. आम्ही वाढतो ते मधोमध फुटून. एकाचे दोन, दोनाचे चार. बापही मीच, लेकही मीच. त्यामुळे ही हकीकत माझी की माझ्या कुणा अर्ध्याची, याची खात्री नाही. चूकभूल पोटात घाला.

माझा मुक्काम एका शिंपीकाकांच्या तोंडात, वरच्या उजव्या सुळ्याच्या मुळाशी. कात्री पुढ्यात असली तरी काका दोरा सुळ्यात धरून कट्‌कन तोडत. "हा माझा तिसरा हात," असं गिऱ्हाइकांना सांगत.

सुरुवातीला आम्ही दातावर पातळ, चिकट थर होऊन बसलो होतो. ब्रश नीट फिरला असता तर वाहून गेलो असतो. पण काकांचा ब्रश समोरच्या चार दातांवरून इस्त्रीसारखा फिरे आणि माघारी जाई. मग लाळेतल्या क्षारांनी आमचा थर दगडासारखा कडक झाला. हिरडी सुजली, आणि एके सकाळी ब्रशला रक्त लागलं.

इथे काकांनी जे केलं त्याचा मला अजून अचंबा वाटतो. "ब्रशनं हिरडी सोलवटतेय," म्हणून त्यांनी त्या बाजूला ब्रश न्यायचंच सोडलं.

आम्ही फोफावलो. हिरडी दातापासून सुटली आणि मध्ये खिसा तयार झाला. शिंप्याच्या तोंडात खिसा. आत हवा नाही. आम्हाला हवी तशी जागा. आम्हाला हुसकायला काकांच्या शरीरानं धाडलेली फौज असा धुमाकूळ घाले, की त्यात दाताभोवतीचं हाडच झिजू लागलं. हाड मी खाल्लं नाही हो. पण मी नसतो तर ते झिजलंही नसतं, हे काही डोक्यातून जात नाही.

सुळा हलू लागला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. दात पडला की माझं घर गेलं. पण आमच्यात 'आता पुरे' म्हणणारं कुणी नाही.

काकू म्हणत, "जरा तिकडे तोंड करून बोला. वास येतो."

"इतकी वर्षं नाही आला तो?"

"दोन वर्षं येतोय. मी सोसतेय म्हणून संसार टिकलाय."

एका दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाई आपला नवा पांढरा कोट आखूड करून घ्यायला दुकानात आल्या. काकांनी शेवटचा टाका घातला, कोट तोंडाशी नेला आणि दोरा तोडला. कोटावर लाल ठिपका उमटला.

बाईंनी ठिपक्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "आ करा."

"अहो, धुऊन देतो कोट."

"कोट राहू द्या. आ."

त्यांनी हात धुऊन बोटानं सुळा हलवून पाहिला. काकांचा चेहरा पडला. "राहील ना हो हा? सगळं काम ह्याच्यावर आहे."

"हाड किती उरलंय ते फोटोत कळेल. बहुतेक राहील. पण दोरा कात्रीनं कापायचा, आणि रक्त येतं तिथेच हळुवार ब्रश फिरवायचा."

"आणि वास?" काकूंनी शिलाई यंत्रामागून विचारलं.

"तोही जाईल."

"मग ह्यांना आत्ताच घेऊन जा."

दवाखान्यात थरथरत्या हत्यारानं आमचा दगड फोडला. पाण्याच्या फवाऱ्यात माझे लाखो नातेवाईक गेले. मी कसा उरलो, ठाऊक नाही. नंतर हिरडी दाताला बिलगली, खिसा आवळत गेला. सुळा अजून किंचित हलतो, पण राहणार, असं बाई कालच म्हणाल्या.

वाचकहो, आमच्या हिताचं नाही, तरी सांगतो. हिरडीतून रक्त आलं तर ब्रश टाकून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. तुम्ही घाबरून लांब राहता, तेवढ्यावर आमचा प्रपंच चालतो.

आत्ता काका बेसिनपाशी उभे आहेत. सुळ्याच्या मुळाशी ब्रश तिरका धरून घासून झालं, फेस बेसिनमध्ये थुंकून झाला.

"बघ गं, फेस पांढराच आहे," ते काकूंना कौतुकानं दाखवताहेत.

"बघितला. आता नळ सोडा."

त्या फेसात मी आहे. काकांचा हात नळाकडे चाललाय, तेव्हा आवरतं घेतो.