मूल खाली असतं!

मी मसाका गावच्या दवाखान्यातलं सोनोग्राफीचं मशीन. शाळा शिकलो नाही. काळं आणि पांढरं एवढंच मला कळतं, आणि दोन्हींवर माझा विश्वास नाही.

परदेशातल्या कुठल्याशा इस्पितळानं नवं मशीन घेतलं आणि मला खोक्यात घालून इकडं धाडलं. 'भेट' म्हणे! धडधाकट मशीन कोण भेट देतं? दोन बटणं तेव्हाच बसलेली होती. बरोबर अंगावर फिरवायच्या दोन दांड्या आल्या. वाकड्या तोंडाची पोटासाठी, सपाट तोंडाची छातीसाठी. सपाट तोंडाचीला कुणी विचारीना. माझ्या खोलीत बाई शिरली की बाहेरच्या बाकावरच्या बाया महिने मोजायला लागतात.

त्यात एक दिवस नानसांबा आली. एकोणीस वर्षांची पोर. मागं तिची आत्या नाम्पिज्जा, पोलिसासारखी. पुढच्या महिन्यात मागणी घालायला मुलाकडची मंडळी यायची होती, आणि आमच्याकडं पोरीचं लग्न म्हणजे आत्याची जोखीम.

मला चालवतात त्या किझ्झाबाई. पोरीनं गुडघे टेकून त्यांना नमस्कार केला.

"डावीकडं गाठ आहे," ती पुटपुटली. "वर्ष झालं. बोटाखालून सटकते. आमच्या शाळेतल्या बाई अशाच गाठीनं गेल्या."

"वर्षभराची गाठ, अन् मला आज सांगते!" आत्या कडाडली. "दिवस गेले की छाती अशीच होते, मला नको शिकवू. कुणाचं आहे?"

"आत्या, शप्पथ गं!"

"शपथा पाद्र्याला सांग."

किझ्झाबाईंनी सपाट दांडीवरची धूळ पुसली, थंडगार जेल लावलं.

"अहो बाई, वर कुठं फिरवताय? मूल खाली असतं!"

"भाची म्हणतेय ना, मूल नाही."

"चोर काय म्हणतो?"

पोरीचं काळीज असं धडधडत होतं की चित्र ठरेना. मला गाठींचा फार संशय. उभी दिसली, कडा फाटक्या दिसल्या, की मी सोडत नाही. ही मात्र फणसाच्या आठळीसारखी आडवी निजलेली, कड गुळगुळीत. तरी चहूबाजूंनी पाहिलं. पंधरा मिलिमीटर.

"साधी दिसतेय. या वयात होतात अशा," किझ्झाबाई म्हणाल्या. "डॉक्टरांना दाखवू. कापायची घाई नको, पण सहा महिन्यांनी परत ये."

पोर हुंदके देऊन रडली. आत्या म्हणाली, "आता खाली फिरवा."

फिरवली. पोट रिकामं. तेव्हा कुठं आत्याला हसू फुटलं.

सहा महिन्यांनी दोघी परत आल्या. पोरीचं लग्न झालं होतं. आत्या बाकावर बसून ओरडत होती, "छातीची गाठ दाखवायला आलोय! पोटाकडं कोण बघतंय गं?"

आत गाठ भरली अठरा. कड पुन्हा पाहिली. गुळगुळीतच. मग वाढली कशी?

"पाळी कधी आली होती?" किझ्झाबाईंनी हळूच विचारलं.

पोर खाली बघून हसली. "दोन महिने झाले. आत्याला नका सांगू, मीच सांगणार."

वाकडी दांडी फिरली. काळ्यात पांढरा ठिपका लुकलुकत होता.

"दिवस गेले की अशी गाठ जरा फुगते," किझ्झाबाई म्हणाल्या. "तरी आज डॉक्टरांना भेटूनच जा."

आता माझ्या पडद्यावर आडवी रेघ पडलीय. किती दिवस चालेन, भरवसा नाही. पोरींनो, गाठ वर्षवर्ष लपवू नका. माझ्यावरही डोळे मिटून विसंबू नका, बोलावलं की परत या. आणि आत्याबाई, सगळ्या जगावर संशय घेतलात, नेमका या खेपेला विसरलात. मूल खालीच होतं.