मीटरवरचे चौदा

वरवटच्या जिनिंग कारखान्यासमोर आमची कापसाची ट्रॉली सकाळपासून रांगेत उभी होती आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते. त्या दिवशी रजा काढून बाबांबरोबर आले होते. ओल बारा टक्क्यांच्या वर निघाली की कापूस परत, हा इथला नियम. मी दर पाच मिनिटांनी खाली उतरत होते आणि उगाच परत चढत होते.

शेवटी कापूस तपासणारा ग्रेडर आला. त्याने मागच्या फाळक्याजवळ कापसात मीटरच्या दोन सुया खुपसल्या. चौदा!

"पाणी मारलं काय हो, अर्जुनराव?" तो हसत म्हणाला. रांगेतलेही हसले.

"तीन दिवस गच्चीवर वाळवला म्या," बाबा म्हणाले. "पाणी मारणाऱ्यातला नाही मी."

हे मीटर मला पाठ होतं. कोरड्या कापसाची रोधकता अफाट, तो विजेला वाटच देत नाही. ओल शिरली की ती रोधकता धाडकन उतरते. सुयांमधून वीज किती वाहते, तेवढं बघून मीटर ओलीचा आकडा सांगतं. आकडा खोटं कशाला बोलेल? आणि वजनासाठी पाणी मारणारे गावात आहेतच. मी बाबांना बाजूला घेतलं.

"बाबा, खरं सांगा मले. थोडंसं तरी मारलं काय?"

ते माझ्याकडे बघून ताडपत्रीची दोरी सोडायला वळले. मी जास्तच चिडले. तावातावाने फाळक्याशी गेले आणि सुया घातल्या होत्या तिथे हात खुपसला. बोटं चिकट झाली. कापसात खोबऱ्याचा तुकडा होता.

ट्रॉली निघताना आईने दरवर्षीसारखा फाळक्यावर नारळ फोडला होता, माझ्या डोळ्यांदेखत, आणि त्याचं पाणी कापसावर शिंपडलं होतं. ओंजळभरच. पण त्यात क्षार असतात. साध्या पाण्यापेक्षा त्यातून वीज कितीतरी सहज जाते.

"भाऊ, इथं नारळाचं पाणी सांडलं हाये. दुसरीकडं, खोल पाहा ना," मी ग्रेडरला म्हणाले. त्याने कुरकुरत तीन ठिकाणी सुया घातल्या. नऊ, साडेआठ, नऊ.

ट्रॉली आत जाऊन रिकामी झाली. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटेना. बाबा ताडपत्रीची घडी घालत होते. मी दुसरं टोक धरलं.

"प्रतीक्षा, तूनं मले इचारलं," ते ताडपत्रीकडे बघतच म्हणाले. "मीटरले काऊन नाही इचारलं?"